श्रावणानंतर येणारा कंट्रोलर

मिरची दळणाऱ्या कारखान्यात कुणाच्याही डोळ्यांत पाणी असतं. त्यामुळे जुलैमधल्या त्या सकाळी नीलमचा फोन आला आणि ती म्हणाली, "माधवी, गेला गं सुधीर...", तेव्हा माझ्या आजूबाजूच्या कुणालाच काही कळलं नाही. नोएडातल्या त्या शेडमध्ये दळणाची लाइन चालू होती आणि मी कानाला फोन लावून पॅनलसमोर उभी होते. तिथल्या एका कामगाराने पाण्याची बाटली पुढे केली, "मैडम, आँखें धो लीजिए, शुरू में सबको लगती है." मी डोळे धुतले. मग परत धुतले. लाइन बंद करावी असं मनात आलं, पण बंद करायला काही कारण नव्हतं, सगळं व्यवस्थित चाललं होतं. सुधीरने लिहिलेला प्रोग्राम चालत होता आणि सुधीर नव्हता. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात हे मला अजूनही नीट समजलेलं नाही.

सुधीर साळवे माझा पुण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजपासूनचा मित्र आणि पुढे दिल्लीत कामातला भागीदार. मधली काही वर्षं आमचा संबंध राहिला नव्हता. माझ्या नवऱ्याची केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला बदली झाली, लक्ष्मीबाई नगरमध्ये क्वार्टर मिळालं, आणि मी पुण्यातली नोकरी सोडून इथे नुसती 'मिसेस जोशी' होण्याचा सराव करत होते. त्या वर्षी मराठी मंडळींच्या गणपतीत आरतीला गेले, तर सगळ्यांच्या पुढे झांजा घेऊन सुधीर उभा. साळवे कुटुंब पुण्याच्या कॅम्पातलं, दर रविवारी न चुकता चर्चला जाणारं. पण आरतीत कुणाचा ठेका चुकला की सर्वांत आधी डोळे वटारणार हा. आरती संपल्यावर प्रसादाचं ताट घेऊन मी त्याच्यासमोर आले तेव्हा त्याने ना विचारपूस केली, ना आश्चर्य दाखवलं. "तू इथे मोदक काय वाटत बसलीयेस?" म्हणाला. "उद्या नोएडाला ये. माझं ऑफिस आहे. एकटा पुरत नाही मी." मी म्हटलं, "अरे, मी सगळं विसरलेय." तर म्हणे, "मोदकही काही तुला येत नाहीत, ते कुणीतरी दुसऱ्याने केलेत. ये तू." दुसऱ्या दिवशी मी गेले आणि मग जातच राहिले.

आमचं काम चारचौघांत सांगायचं म्हणजे पंचाईतच. कारखान्यात पंखे, पंप, मोटारी, पट्टे असं पुष्कळ काही असतं. त्यातलं कुणी आधी सुरू व्हायचं, कुणी थांबायचं, काही बिघडलं तर कुणी कुणाला बंद करायचं, हे सगळं ठरवणारा एक राखाडी डबा असतो. त्याला पीएलसी म्हणतात. आम्ही नुसतं कंट्रोलर म्हणतो. दिसायला जेवणाच्या डब्याएवढा, कडांना वायरी जोडायच्या जागांच्या रांगा आणि प्रत्येक जागेसाठी एक बारीक दिवा. बाजारात त्याचे प्रकार मोजता येऊ नयेत इतके. कुठल्या मशीनला कुठला घ्यायचा हे ठरवणं हे आमचं पहिलं काम, आणि आमची भांडणंही त्याच्यावरूनच. मी कागदावरची बाई: किती वायरी येणार, किती जाणार, तापमान मोजायचंय का, एवढं टिपून काढायचं, कॅटलॉग उघडायचा आणि दुपारपर्यंत विषय संपवायचा. सुधीर मात्र मशीनपाशी स्टूल टाकून अख्खी पाळी बसून काढल्याशिवाय कंट्रोलरचं नाव तोंडातून काढत नसे. एका बिस्किटांच्या कारखान्यात तर हा कुणी सरकारी तपासनीस आहे असा समज होऊन त्याला दिवसभर समोसे आणि चहा येत राहिला, आणि या गृहस्थाने तो गैरसमज संध्याकाळपर्यंत दूर केला नाही.

बसून तो काय बघायचा? मशीन काय करतं ते त्याला माहीतच असायचं. माणसं त्याच्याशी कशी वागतात ते तो बघत बसायचा. कोण कुठे हात घालतो, कोण कुठलं झाकण उघडं ठेवतो, जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद करतात की तसंच फिरत ठेवून जातात. आणि मग मालकाला एकच प्रश्न, "अगले साल क्या लगाओगे?" पुढच्या वर्षी काम वाढणार असेल तर त्याची जागा आज ठेवायला हवी, यावर तो अडून बसायचा. "कंट्रोलर दुकानात काय तयार आहे ते बघून घ्यायचा नसतो," हे त्याचं ठरलेलं वाक्य. "आधी चप्पल घेतली आणि मग पाय शोधायला निघाले, असे हे लोक." छोटा घेतला आणि वर्षभरात अपुरा पडला असं कुठे दिसलं की त्याचा दिवस खराब जायचा, जणू त्याच्याच घरी पाहुण्यांना पोळ्या कमी पडल्या. मालकांसमोर आमची मराठीतून जुंपली की ते बिचारे अवघडून बाजूला व्हायचे. एकाने तर मला हळूच समजावलं होतं, "भाभीजी, घर जाकर आराम से बात कर लीजिए." सुधीरची बायको नीलम हे ऐकून किती तरी दिवस हसत होती. "खरंच घेऊन जा गं याला," म्हणायची, "मला तेवढीच सुट्टी."

नीलम नोएडातल्याच एका शाळेत शिकवते. गेल्या हिवाळ्यात सुधीरचं जेवण कमी झालं ते आधी तिच्या लक्षात आलं. मग पाठदुखी, मग डोळ्यांत पिवळेपणा, मग तपासण्या... स्वादुपिंडाचा कॅन्सर, आणि तोही बराच पुढे गेलेला. मी कुठल्याही गोष्टीवर उपाय असतो असं मानणारी बाई आहे. फ्यूज उडाला तर बदलायचा, वायर तुटली असेल तर शोधून काढायची. मी दिल्लीतल्या डॉक्टरांची नावं जमवली, मुंबईला फोन केले, पुण्याला फोन केले, रिपोर्ट इकडून तिकडे पाठवले, आणि सगळीकडून तेच उत्तर थोड्या वेगळ्या शब्दांत येत राहिलं. शेवटी नीलमने माझा हात धरला आणि म्हणाली, "पुरे आता. प्रत्येक वेळी मला नव्याने ऐकावं लागतं गं." त्यानंतर मी फोन करणं थांबवलं. दुसरं काय करायचं ते मला कळत नव्हतं.

मिरचीचं काम त्याच सुमाराला आलं. भाटियाजी आमचे जुने ग्राहक. मसाल्यांचा पिढीजात धंदा, बोलणं मोठ्या आवाजात आणि मन त्याहून मोठं. नव्या शेडमध्ये आधी मिरची दळायची लाइन, पुढच्या वर्षी हळद आणि मग धने, असा त्यांचा बेत होता. केमोच्या दोन फेऱ्यांच्या मधे जरा बरं वाटत होतं तेव्हा सुधीर हट्टाने त्यांच्या जुन्या शेडमध्ये जाऊन बसला. डोक्याला लोकरीची टोपी, तोंडाला मास्क, आणि स्टुलाऐवजी भाटियाजींनी ऑफिसातून उचलून आणवलेली गादीची खुर्ची. मी बाहेर गाडीत बसून संतापत होते, कारण आत गेलं की मला शिंका अनावर व्हायच्या आणि त्याला तिथे सोडून घरी जाणंही शक्य नव्हतं. संध्याकाळी बाहेर आला तो चक्क ताजातवाना. "मोठा लागणार," म्हणाला. "तुकड्या-तुकड्यांनी वाढवता येईल असा. हळदीला तापमान सांभाळावं लागेल, धन्यांना चाळण वेगळी. आज जागा ठेवली नाही तर भाटियाजी दोन वर्षांनी मला शिव्या देतील." 'मला' म्हणाला तो. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि गाडी सुरू केली.

असा मोठा कंट्रोलर परदेशातून मागवावा लागतो. डीलरने फोनवर सांगितलं, "सर, सावन के बाद ही पकड़िए." होळी नुकतीच झाली होती. सुधीरने फोन ठेवला आणि मला समजावू लागला की इथल्या लोकांचा सावन आषाढी पौर्णिमा झाली की सुरू होतो आणि राखीला संपतो. म्हणजे डीलरचा 'सावन के बाद' आपल्या श्रावणाच्या मध्यावरच आला. त्याला श्रावण इतका नेमका माहीत असण्याचं कारणही त्याने मला कितीदा तरी ऐकवलं होतं: कॉलेजात असताना त्याच्या आईच्या हातचे कटलेट खायला जाणारे आम्ही सगळे त्या एका महिन्यात गायब व्हायचो. "पंधरवडा वाचला बघ," असं म्हणून तो हसला. मी हसले नाही. आम्हा दोघांच्याही डोक्यात एकच हिशेब चालला होता आणि तो पंधरवड्याने सुटण्यातला नव्हता.

त्याच आठवड्यात मी त्याला दक्षिण दिल्लीतल्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. नीलमच्या शाळेत परीक्षा चालू होत्या. तपासून झाल्यावर सुधीरने एखाद्या गाडीचं तिकीट काढायचं असावं इतक्या सहज विचारलं, "डॉक्टर साहब, राखी तक?" डॉक्टर तरुण होते. ते रिपोर्टची पानं उगाच मागेपुढे करत राहिले. मग म्हणाले, "अभी हम महीने-महीने का देखेंगे, सर." गाडीत बसल्यावर सुधीरने आधी सीटबेल्ट लावला. मग म्हणाला, "डिलिव्हरीची तारीख न सांगणारा डीलर मला कधीच आवडला नाही." परतताना त्याने मुनिरकाला गाडी थांबवायला लावली. दिल्लीत नवा आला तेव्हा तिथल्या एका खोलीत तो भाड्याने राहायचा. गल्लीच्या तोंडाशी उभा राहून तो खिडकी शोधत होता, पण इमारतीवर आणखी मजले चढले होते, समोर नवी इमारत आली होती, आणि त्याला काही केल्या आपली खिडकी सापडेना. "असू दे," म्हणाला. "चल." त्याला हात द्यावा की नको, हे न कळून मी त्याच्या शेजारून नुसतीच चालत राहिले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याने एक कॅटलॉग माझ्यापुढे सरकवला आणि एका छोट्या कंट्रोलरवर बोट ठेवलं. "हा घेऊ. दिल्लीत डीलरकडे तयार आहे, उद्या मिळेल." मला वाटलं थट्टा करतोय. मी म्हटलं, "अरे, याच्यात मिरचीच कशीबशी बसेल. हळदीचं काय? धन्यांचं काय?" तो म्हणाला, "पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू." इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर त्याने त्याची सालटी काढली असती. मी तोंड उघडलं आणि त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता, कॅटलॉगच्या पानाची घडी नखाने सरळ करत होता. "मला एकदा स्टार्ट दाबायचंय गं," तो म्हणाला. "एवढी एक लाइन... मे महिन्यात होईल. होईल ना?" मी म्हटलं, "बिल्कुल होईल." आणि बाहेर जाऊन, पंपाचा आवाज येतो त्या जिन्यात उभी राहून, पोटभर रडले. मोठा कंट्रोलर बरोबर होता आणि तो आला तेव्हा त्याला सुरू करायला सुधीर नसता. छोटा चूक होता आणि सुधीर असता. यात मी काय निवड करणार होते?

भाटियाजींना मात्र सांगणं भाग होतं. मोठा लागणार हे त्यांनी सुधीरच्याच तोंडून ऐकलेलं होतं. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "मैडम, छोटा क्यों?" मी काहीतरी तांत्रिक सांगायला सुरुवात केली आणि मधेच थांबले. मग त्यांचा तो मोठा आवाज एकदम खाली आला. "लगा दीजिए," म्हणाले. "साहब अपने हाथ से चालू करें, बस."

मग घाई सुरू झाली. सुधीर घरी पलंगावर उशांना टेकून लॅपटॉपवर प्रोग्राम लिहायचा. दुखायला लागलं की लॅपटॉप मिटायचा, औषध लागू पडलं की उघडायचा. मी संध्याकाळी जायचे. नीलमचा माझ्यावर राग होता आणि तो बरोबरच होता. एकदा स्वयंपाकघरात ती मला म्हणाली, "त्याच्याकडे थोडे दिवस आहेत आणि ते तू मिरची दळण्यात घालवतेयस." मी दुसऱ्या दिवशी काम कमी करायचं ठरवून गेले, तर दारातच तिने मला थांबवलं. "आज त्याला काहीतरी दे करायला," म्हणाली. "आज तो नुसता छताकडे बघतोय. मला बघवत नाही." त्यांची लेक रिया कॉलेजातून आली की बाबाच्या पायाशी बसायची. दिल्लीत वाढलेली पोर, तिला मराठी शब्द सापडत नाहीत. एकदा मला हळूच म्हणाली, "मावशी, बाबांना ते... घबराहट होते रात्री. त्याला आपल्यात काय म्हणतात?" मला पटकन शब्द सुचला नाही. सुचला असता तरी तिचं काय भलं होणार होतं.

आम्ही दोघांनी आयुष्यभर कारखाने सुरू केले आणि तरी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली नाही. आम्ही फक्त कंट्रोलर किती दिवसांनी येईल एवढंच धरून बसलो होतो. कंट्रोलर आला, पॅनलमध्ये बसला, प्रोग्राम तयार झाला, टेबलावर तपासून झाला. आणि मे महिन्यात दळण्याच्या मशीनचा गिअरबॉक्स ट्रकमधून येताना तडकला. तो परत गेला. दुसरा आला, त्याचा दांडा बसेना, तोही परत गेला. बनवणारे रोज 'परसों' म्हणायचे. मी त्यांना फोन केले, ओरडले, गयावया केल्या, एकदा तर खरं कारणही सांगून टाकलं. त्यांच्याकडचा माणूस फोनवरच हळहळला आणि म्हणाला, "मैडम, हाथ जोड़ता हूँ, पर लोहा तो अपने टाइम से ही कटेगा." पॅनलचं दार उघडलं की आतला कंट्रोलर तयार बसलेला दिसायचा आणि मला त्याचाच राग यायचा. बाहेर दिल्लीचा उन्हाळा सगळं भाजून काढत होता. सुधीर दर संध्याकाळी विचारायचा, "आला?" मी म्हणायचे, "निघालाय." मग एक दिवस त्याने विचारलं नाही.

जूनच्या शेवटी त्याला हॉस्पिटलात हलवलं. मी गेले तेव्हा तो जागा होता, पण आवाज फार बारीक झाला होता. मी सांगितलं की गिअरबॉक्स आला, बसला, या आठवड्यात लाइन सुरू करू. त्याने मान हलवली. मग म्हणाला, "तो बदलायचाच आहे." मला वाटलं गिअरबॉक्सबद्दल बोलतोय, मी म्हटलं बदलला की. "कंट्रोलर," तो म्हणाला. "बदलायचा. तू बदल." मला वाटलं त्याला आता चुकल्यासारखं होतंय, आणि ते मला सहन होईना. मी म्हटलं, "आधी चालू तर होऊ दे रे. छान आहे तो." तो हसला, म्हणजे ओठ हलले. पुढे काहीतरी म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. मी कान जवळ नेला, तेवढ्यात नर्स आली.

लाइन सुरू करायच्या दिवशी मी नीलमला व्हिडिओ कॉल लावला. सकाळपासून त्याला झोपेचं औषध दिलेलं होतं, डोळे मिटलेले होते. भाटियाजींनी पॅनलला झेंडूचा हार घातला होता, नारळ आणला होता, आणि सगळे कामगार हात मागे बांधून उभे होते. "कानाशी धर," मी नीलमला सांगितलं. स्टार्टचं बटण दाबायला माझा हात पुढे होईना. भाटियाजी म्हणाले, "दबाइए मैडम, साहब सुन रहे हैं." मी दाबलं. आधी पंख्याचा आवाज चढला, मग दळण्याच्या मशीनचा जाड, भरीव आवाज आला, आणि मग मिरची पडू लागल्याची ती बारीक सरसर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोनच्या पडद्यावर मला फक्त उशीचा कोपरा आणि नीलमची बोटं दिसत होती. थोड्या वेळाने मी विचारलं, "ऐकलं का गं त्याने?" तिचा चेहरा पडद्यावर आला. "माहीत नाही माधवी," ती म्हणाली. "खरंच माहीत नाही." त्यानंतर तो थोडेच दिवस होता आणि पुरता जागा असा झालाच नाही.

चर्चमधली प्रार्थना हिंदीत झाली. पाद्रीसाहेब भले गृहस्थ, पण त्यांना मराठी येत नव्हतं आणि सुधीरची आई असती तर तिला त्यातलं निम्मं कळलं नसतं. नीलमने सासूचं जुनं मराठी बायबल माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "एवढं वाच, त्याच्या भाषेत." मी उभी राहून वाचलं. कसं वाचलं मला आठवत नाही. एवढंच आठवतं की शेवटच्या बाकाजवळ भाटियाजी हात जोडून उभे होते, आणि देवाच्या घरी आलो म्हणून त्यांनी बूट बाहेर काढून ठेवले होते.

राखी होऊन गेल्यावर एका दुपारी ऑफिसात खोकं घेऊन कुरिअरवाला आला. "सुधीर साळवे सर को बुला दीजिए, उन्हीं के नाम का है." मी म्हटलं, मला द्या. तो म्हणाला, "उनके फोन पर कोड आया होगा मैडम, वो बता दीजिए." मी नीलमला फोन केला. सुधीरचा फोन तिने बंद केलेला नव्हता, रोज चार्ज करून ठेवत होती. तिने कोड वाचून दाखवला, मी तो त्याला सांगितला, आणि माझ्या नावाने नसलेलं खोकं माझ्या टेबलावर आलं. उघडलं तर आत तो मोठा कंट्रोलर होता. तुकड्या-तुकड्यांनी वाढवता येईल असा, मिरचीपुरता, शिवाय हळदीची आणि धन्यांची जागा धरून. मला आधी वाटलं की डीलरची काहीतरी चूक झाली. मी भाटियाजींना फोन लावला.

ते म्हणाले, "गलती नहीं है मैडम. साहब ने जिस दिन छोटा मँगाया, उसी दिन बड़े का भी ऑर्डर करवा दिया था. बोले, भाटियाजी, आपके साथ धोखा नहीं करूँगा. छोटा मेरे लिए है, बड़ा मशीन के लिए." मी विचारलं की मग मला का सांगितलं नाही. "मना किया था. बोले, मैडम को पता चला तो छोटा लगाने ही नहीं देगी, इतनी ज़िद्दी है. बोले, बड़ा जब आएगा तब वो अपने आप समझ जाएगी कि क्या करना है." मी फोन ठेवला. मला सुधीरचा इतका राग आला की समोर असता तर मी खोकं त्याच्या अंगावर फेकलं असतं. मी कशाला नाही म्हणाले असते? मी एकदा तरी नाही म्हणाले होते का? आणि मग लक्षात आलं की हॉस्पिटलात त्याला चुकल्यासारखं वगैरे काही होत नव्हतं. तो मला काम सांगत होता.

मी ते काम केलं. प्रोग्राम नव्याने लिहिला, एका साप्ताहिक सुट्टीत लाइन बंद ठेवून छोटा काढला आणि मोठा बसवला. काढलेला कंट्रोलर भाटियाजींनी स्वतःच्या रुमालाने पुसला आणि माझ्या हातात ठेवला. "ये आप रखिए," म्हणाले. त्याच्या फटींत अजून लाल पूड आहे. तो मी घरी आणला आणि काही दिवस कपाटात ठेवला. मग गेल्या रविवारी, जेवणं झाल्यावर, जेवणाच्या टेबलावर त्याला वीज जोडली. हिरवा दिवा लागला. आत सुधीरचा प्रोग्राम जसाच्या तसा होता. तो असं लिहायचा की स्टॉपच्या बटणाची वायर तुटली तरी मशीनने समजावं, कुणीतरी थांब म्हणतंय. म्हणून मी आधी तिथे वायरचा एक तुकडा जोडला. मग दुसरा तुकडा स्टार्टच्या जागी टेकवला.

पहिला दिवा लागला. तो धूळ ओढणाऱ्या पंख्याचा. आता पंख्याकडून उलट निरोप यायला हवा, की वारा सुरू झालाय. तो आला तरच पुढे दळण्याचं मशीन सुरू होणार, नाहीतर नाही. टेबलावर पंखा नव्हता. कंट्रोलर वाट बघत राहिला. सुधीरने त्याला जेवढी वाट बघायला सांगितली होती तेवढी त्याने बघितली, मग पहिला दिवा विझला आणि बिघाडाचा लागला. नवरा आतून म्हणाला, "काय चाललंय गं?" मी म्हटलं, "काही नाही." मी रिसेट दिलं. बिघाडाचा दिवा गेला. मी स्टार्टची वायर पुन्हा टेकवली, आणि पुढचा दिवा लागणार नाही हे पक्कं माहीत असूनही त्याच्याकडे बघत बसले.